नॅनोकणांची विषबाधा : बदनाम कोण आणि खरा आरोपी कोण?

सूक्ष्मदर्शिका (धागाकर्ती)

व्हॉट्सॲपवर 'नॅनो'चे दोनच अवतार फिरतात. एकात ते सगळ्या दुखण्यांवर रामबाण, दुसऱ्यात पेशीत शिरून डीएनए कुरतडणारं भूत. विषविज्ञान हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे असा फॉरवर्ड आला की नातेवाईकांच्या ग्रुपवर मलाच टॅग केलं जातं. तिथे सविस्तर लिहिता येत नाही आणि लिहिलं तर कोणी वाचत नाही. इथली मंडळी निदान वाचून मग भांडतात.

आधी मोजमाप : मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर, आणि साधारण शंभर नॅनोमीटरच्या आतला तो नॅनोकण. आता माझं म्हणणं असं : नॅनोकणांच्या नावावर गाजलेल्या मोठ्या भानगडींपैकी बऱ्याच त्यांनी केलेल्याच नव्हत्या. आणि ज्या कणांनी खरोखर माणसं मारली त्यांना कोणी कधी 'नॅनो' म्हटलंच नाही.

आधी गाजलेल्या भानगडी. मार्च २००६, जर्मनी. 'मॅजिक नॅनो' नावाचा स्प्रे बाजारात आला, न्हाणीघरातल्या काचा आणि टाइल्सवर मारायचा. काही दिवसांत शंभराच्या आसपास लोक खोकला आणि धाप घेऊन डॉक्टरांकडे. काहींच्या फुफ्फुसात पाणी झालं म्हणून त्यांना दाखल करावं लागलं. जगभर मथळे झळकले की ही पहिली नॅनो-दुर्घटना. मग जर्मनीच्या सरकारी जोखीम मूल्यमापन संस्थेने डब्यांची तपासणी करवली, तर आत नॅनोकण नव्हतेच! नाव जाहिरातीपुरतं. हेच उत्पादन आधी हाताने दाबायच्या पंपाच्या बाटलीत मिळायचं तेव्हा कोणाची तक्रार नव्हती. ते एरोसोलच्या डब्यात भरलं आणि थेंब इतके बारीक झाले की थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोहोचले.

दुसरी भानगड २००४ सालची, अमेरिकेतली. एवा ओबरडॉर्स्टर यांनी बास जातीच्या माशांना फुलरीनच्या (कार्बनच्या साठ अणूंचा पोकळ गोळा) पाण्यात ४८ तास ठेवलं आणि त्यांच्या मेंदूतल्या मेदाला ऑक्सिडेशनची इजा झालेली दिसली. पुन्हा मथळे. पण फुलरीन पाण्यात विरघळत नाही. ते पाण्यात उतरवायला टेट्राहायड्रोफ्युरान नावाचं द्रावक वापरलं होतं. २००७ मध्ये दुसऱ्या गटाने झेब्राफिशच्या पिल्लांवर तुलना केली. द्रावक वापरून केलेलं फुलरीन आणि फुलरीनशिवाय नुसत्या द्रावकाची प्रक्रिया केलेलं पाणी, दोन्हींनी त्रास झाला. नुसतं पाण्यात ढवळलेल्या फुलरीनने जवळपास काही नाही. म्हणजे संशयाची सुई द्रावकातून तयार झालेल्या रसायनांकडे वळली. ही बातमी मात्र कुठल्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली नाही.

आता उलट बाजू. १९३० च्या आसपास एक्स-रे काढताना रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून 'थोरोट्रास्ट' नावाचं इंजेक्शन आलं. थोरियम डायऑक्साइडचे काही नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगत ठेवलेले. चित्र झकास यायचं, टोचताना दुखायचं नाही, लगेच कसली प्रतिक्रियाही नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची चित्रं काढणाऱ्या एगाश मोनीश यांनीही ते वापरलं (लोबोटॉमीसाठी नोबेल मिळालं तेच). १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाखो लोकांना ते टोचलं गेलं.

शरीराने त्या कणांचं काय केलं? यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींनी ते परके म्हणून गिळले, उरलेले अस्थिमज्जेत गेले. थोरियम डायऑक्साइड विरघळत नाही. पेशी त्याला पचवू शकत नाही, बाहेरही टाकू शकत नाही. ती मेली की शेजारची पेशी तोच कण गिळते. थोरियम-२३२ चं अर्धायुष्य आहे १४ अब्ज वर्षं. कण तिथेच बसून आयुष्यभर अल्फा किरण सोडत राहिले आणि वीस-तीस वर्षांनी यकृताचे कर्करोग उगवले, त्यातही रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा एरवी अगदी दुर्मीळ असणारा प्रकार. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल आणि जपानमध्ये या रुग्णांचा दशकानुदशकं पाठपुरावा झाला. आधुनिक वैद्यकातली नॅनोकणांची सगळ्यात मोठी विषबाधा मी यालाच मानते. या प्रकरणात 'नॅनो' हा शब्द कुठेही येत नाही.

दुसरा बिनलेबलाचा आरोपी म्हणजे डिझेलचा धूर. त्यातल्या कणांची संख्या मोजली तर बहुसंख्य १०० नॅनोमीटरच्या आतले निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणारा हे निश्चित, असं टाकलं. सिग्नलला बसच्या मागे उभं राहून आपण 'नॅनोवाली' क्रीम लावावी की नाही यावर चर्चा करतो.

लोकांनी आपापले प्रश्न टाका. जमेल तसं उत्तर देते.

चहाबाज

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. लेख उत्तम.

मनमौजी_७७

लशीतली नॅनोचिप राहिली की ताई! ५जी चालू झाल्यापासून माझा खांदा दुखतोय.

डॉ_खवय्या

@मनमौजी, आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या दोन लशींपैकी एकीत चिंपांझीचा ॲडिनोव्हायरस होता, दुसरीत मारलेला करोना विषाणू. मेदाचे नॅनोकण (परदेशी एमआरएनए लशींत असतात ते) दोन्हींत नव्हते. खांद्यासाठी मोबाईल धरायची पद्धत बदला.

धागाकर्तीशी एका मुद्द्यावर वाद घालतो. थोरोट्रास्टचा दोष किरणोत्सर्गाचा. नॅनोवर खापर का फोडायचं? तुम्हीच इतरांवर तो आरोप करताय.

सूक्ष्मदर्शिका

डॉक्टर, पेशींना मारलं अल्फा किरणांनीच. पण आज तुम्ही सीटी स्कॅनला आयोडीनचं जे इंजेक्शन देता ते मूत्रपिंड चांगलं असेल तर एका दिवसात लघवीवाटे निघून जातं. थोरियम तसं निघून गेलं असतं तर डोस किती उरला असता? ते राहिलं, कारण ते कणरूपात होतं. २००७ मध्ये क्वांटम डॉट्सवर (प्रकाश पडला की रंगीत चमकणारे अर्धवाहकाचे नॅनोकण) झालेल्या प्रयोगात साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान कणच मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज पार होताना दिसले. त्याहून मोठा कण रक्तात गेला की मुक्काम यकृतात किंवा प्लीहेत. तिथे तो विरघळला तर सुटलो. नाहीतर तो कशाचा बनलाय यावर आपलं नशीब.

क्वांटम डॉट्सचंही तेच. त्यातल्या बऱ्याचशांत कॅडमियम हा विषारी धातू असतो. २००४ मध्ये संगीता भाटिया यांच्या गटाने दाखवलं की हवा आणि अतिनील किरणांनी त्या कणांचा पृष्ठभाग खराब झाला की कॅडमियम सुटं होतं आणि यकृताच्या पेशी मरतात. वर झिंक सल्फाइडचं कवच चढवलं की विष बरंच कमी. म्हणजे 'कॅडमियमचा नॅनोकण विषारी का?' या प्रश्नाला कवच चढवलंय की नाही आणि ते किती टिकतं हे कळल्याशिवाय उत्तर नाही. माकडांना असे कवचवाले कण टोचले तेव्हा ९० दिवसांत आजार काही दिसला नाही, पण बहुतेक कॅडमियम तोवर शरीरातच होतं. या प्रयोगाचा अर्थ 'सुरक्षित' असा लावणारेही भेटतात आणि 'टाइमबॉम्ब' असा लावणारेही. मी फक्त म्हणेन की ९० दिवस पुरेसे नाहीत.

डॉ_खवय्या

मान्य. मग दुसरी बाजू मी सांगतो, कारण वॉर्डात ती रोज दिसते. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं जुनं औषध हृदयाला मारतं, म्हणून आयुष्यभराच्या डोसला मर्यादा. १९९५ मध्ये तेच औषध मेदाच्या साधारण १०० नॅनोमीटरच्या थैलीत भरून आलं. हृदयाचा त्रास स्पष्टपणे कमी झाला. पण थैली रक्तात रेंगाळते आणि त्वचेत झिरपते. रुग्ण येतात ते तळहात-तळपाय लाल, भाजल्यासारखे, साल निघालेली. आम्ही सांगतो की गरम पाण्यात भांडी घासू नका, घट्ट चपला नकोत. म्हणजे विष गेलं नाही, त्याचा पत्ता बदलला.

पॅक्लिटॅक्सेलचं मात्र निव्वळ भलं झालं. ते ज्या तेलकट द्रावकात द्यावं लागायचं त्याचीच भयंकर ॲलर्जी यायची. अल्ब्युमिनच्या नॅनोकणांत बांधल्यावर ते द्रावकच लागेनासं झालं.

पूर्वा_के

माझा अगदी घरगुती प्रश्न. मुलाला दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन (सुवर्णभस्माचे थेंब) देते. मैत्रीण म्हणते ते सोन्याचे नॅनोकण आहेत, देऊ नकोस. दुसरी म्हणते ते नॅनोकण आहेत म्हणूनच दे! 🙂

वैद्य_रसशाळा

पूर्वाताई, भस्म म्हणजे नुसती धातूची पूड नव्हे. शुद्ध सोन्याचे पातळ पत्रे पाऱ्याबरोबर खलायचे, गंधक घालायचा, शराव-संपुटात (तोंडाला तोंड लावलेल्या मातीच्या दोन परळांत) बंद करून गोवऱ्यांच्या आचेत पुटं द्यायची. एकदा नव्हे, अनेकदा. मग परीक्षा. चिमूटभर भस्म पाण्यावर सोडलं तर तरंगलं पाहिजे, ते वारितर. बोटांवर चोळलं तर रेषांत शिरून बसलं पाहिजे, ते रेखापूर्ण. धातूची चकाकी जायला हवी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता तेव्हा आमच्या पूर्वजांनी कणाचा बारीकपणा असा मोजला. आधुनिक तपासणीत सुवर्णभस्मात नॅनो आकाराचे सोन्याचे कण सापडले आहेत. शेकडो वर्षं लोक घेत आहेत. विषारी असतं तर कळलं नसतं का?

सूक्ष्मदर्शिका

वैद्यबुवा, वारितर आणि रेखापूर्ण या परीक्षांबद्दल मला खरंच आदर आहे. कणाचा आकार साधनांशिवाय तपासायची याहून सोपी युक्ती मला सुचणार नाही. पण 'शेकडो वर्षं घेत आहेत' हा पुरावा थोरोट्रास्टनंतर मी कोणाकडूनच स्वीकारत नाही, ॲलोपॅथीकडूनही नाही. वीस-तीस वर्षांनी उगवणारा परिणाम लक्षात यायला टोचलेल्यांची यादी आणि चिकाटीचा पाठपुरावा लागला होता.

पूर्वाताई, सोनं स्वभावाने आळशी, फारसं कशाशी प्रतिक्रिया करत नाही. तरी आकार इथेही महत्त्वाचा. २००७ मध्ये जर्मनीतल्या आखेनच्या गटाने पेशींवर पाहिलं की सुमारे १.४ नॅनोमीटरचे सोन्याचे पुंजके घातक होते आणि १५ नॅनोमीटरचे कण त्याच्या कितीतरी पट मात्रेतही निरुपद्रवी. भस्मातले कण याहून मोठे असतात. मला काळजी सोन्याची नाही, सोबत येणाऱ्यांची आहे. प्रक्रियेत पारा आहे. तो नीट गेला की नाही हे वारितर परीक्षेत कळत नाही. अमेरिकेत २००८ मध्ये इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. तेव्हा पारा आणि शिशाचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. तो न दाखवणाऱ्याकडून लहान मुलासाठी मी काही घेणार नाही.

वैद्य_रसशाळा

चांगल्या रसशाळा अहवाल देतात. कोणीही उठून शिबिरात थेंब पाजतो त्याला मीही विरोधच करतो. 'परीक्षेत कळत नाही' हे मात्र अर्धसत्य. निरुत्थ आणि अपुनर्भव या परीक्षा आहेत.

सूक्ष्मदर्शिका

त्या परीक्षा धातू पुन्हा मूळ रूपात येतो का ते सांगतात, पाऱ्याचा लवलेश उरला का ते नाही. पण तुमच्या पहिल्या वाक्यावर आपलं एकमत आहे, तेवढं पुरे.

पूर्वा_के

दोघांचे आभार. अहवाल मागते.

बांधावरचा

ताई, आमच्या तालुक्यात युरियाच्या गोणीवर नॅनो युरियाची बाटली लिंकिंगला देतात. नको म्हटलं तर गोणी नाही. आता बाटल्या कोठीत पडून आहेत, पोरं घरात हुंदडतात. एक तर सांगा, हे विष आहे का? दुसरं, फवारताना अंगावर उडालं तर काय? बायको म्हणते नाव नॅनो म्हणजे कातडीतून आत जाणार.

सूक्ष्मदर्शिका

दादा, पहिल्याचं उत्तर सोपं. युरिया पाण्यात साखरेसारखा विरघळतो आणि आपलं स्वतःचं यकृत रोज युरिया बनवतं, तो लघवीतून जातो. शरीरात साचून राहणारा कण हा नव्हे. तरी बाटली पोरांच्या हाताला लागू देऊ नका, शेतीचं कुठलंच द्रावण देऊ नये. अंगावर उडालं तर धुऊन टाका. धडधाकट कातडीचा वरचा मेलेल्या पेशींचा थर नॅनोकणांनाही चांगलाच अडवतो.

त्या बाटलीवरचा खरा वाद विषाचा नाहीच. पहिल्या बाटलीत अर्धा लिटरला ४ टक्के म्हणजे २० ग्रॅम नत्र होतं आणि ४५ किलोच्या गोणीत वीस किलोच्या वर. एवढ्याशा नत्रात गोणीचं काम कसं भागतं हे डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये जाहीरपणे विचारलं आणि पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत गहू-भाताचं उत्पादन घटल्याचं आलं. पुढे बाटलीतलं नत्र वाढवलं गेलं. तो स्वतंत्र धाग्याचा विषय.

काळजी घ्या ती नॅनो तांबं आणि नॅनो जस्त यांची. तांबं माणसापेक्षा माशाला फार घातक. शेततळ्यात रोहू-कटला सोडले असतील तर पंप तिथे धुऊ नका.

बांधावरचा

तांबं आम्हाला नवीन नाही. द्राक्षाला मोरचूद नि चुन्याचं बोर्डो आजोबांपासून मारतोय. मग नॅनोने काय वेगळं होतं?

सूक्ष्मदर्शिका

चांगला प्रश्न. खडीसाखरेचा खडा आणि तेवढीच पिठीसाखर पाण्यात टाकली तर आधी काय विरघळेल? तांब्या-जस्ताच्या नॅनोकणाचं तसंच आहे. वजन तेवढंच, पण उघडा पृष्ठभाग शेकडो पट, त्यामुळे आयन (धातूचे विद्युतभारित सुटे अणू) भराभर सुटतात. शिवाय पेशी तो कण अख्खा गिळते आणि पेशीच्या पोटातल्या आम्लात तो विरघळतो. जे तांबं एरवी दारावरच अडलं असतं ते आत जाऊन सुटतं.

झेब्राफिशच्या अंड्यांवर हे डोळ्यांनी दिसतं. (हा मासा आपलाच, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, आता जगभरच्या प्रयोगशाळांत.) अंडं काचेसारखं पारदर्शक. दुसऱ्या दिवशी आत हृदय धडधडताना दिसतं, शेपूट झटके देते. दोन-तीन दिवसांत पिल्लू एक विकर (एन्झाइम) सोडून कवच मऊ करतं आणि बाहेर पडतं. पाण्यात झिंक ऑक्साइडचे किंवा कॉपर ऑक्साइडचे नॅनोकण असले की पिल्लू जिवंत असतं, वाढलेलं असतं, पण कवचाच्या आत गोल गोल फिरत राहतं. सुटलेले धातूचे आयन त्या विकराचं काम बंद पाडतात. टायटॅनियम डायऑक्साइडचे कण त्याच मात्रेत टाका, पिल्लं वेळेवर बाहेर. कण दोन्ही नॅनोच.

पिपेटवाली

मीही याच क्षेत्रातली. एक गोष्ट जोडते जी शोधनिबंधांच्या मथळ्यात कधी दिसत नाही. पेशी मेल्या की जगल्या हे पाहायला एमटीटी नावाची चाचणी सर्रास करतात. पिवळं द्रव्य टाकायचं, जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, ते विरघळवून रंगाची तीव्रता मोजायची. रंग फिका म्हणजे पेशी मेल्या. कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) टाकल्या की रंग फिका यायचा. २००६ मध्ये जर्मन गटाने दाखवलं की जांभळे स्फटिक नॅनोट्यूबच्या गुंत्याला चिकटून बसतात, विरघळतच नाहीत. दुसऱ्या पद्धतीने मोजलं तर पेशी ठणठणीत! त्याआधीच्या आणि नंतरच्याही कित्येक निबंधांत हा घोळ असणार.

दुसरं, मात्रा. पेशींवर ओतलेली मात्रा आणि खऱ्या माणसाच्या शरीरात पोहोचणारी मात्रा यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. बशीत इतका कण ओतला की पेशी त्याखाली गाडल्याच जातात. आमच्याकडे पदवीचे विद्यार्थी 'नवीन हिरव्या पद्धतीने चांदीचे नॅनोकण' प्रकल्प करतात, तुळशीच्या पानांच्या काढ्यात सिल्व्हर नायट्रेट, मिश्रण तपकिरी झालं की टाळ्या. मग शेवटी एक ओळ : 'हे कण सुरक्षित आहेत.' कशावरून? एका पेशीप्रकारावर २४ तासांच्या एमटीटीवरून.

चहाबाज

म्हणजे चांदीचा वर्ख लावलेली काजूकतली खायची की नाही ते सांगा. बाकी सगळं कळलं.

पिपेटवाली

खा हो. वर्ख ठोकून केलेला पत्रा असतो, सुट्या कणांची धूळ नव्हे, आणि सणासुदीला चार वड्यांवर चांदी असते ती किती? चांदी वर्षानुवर्षं रोज पोटात घेणाऱ्यांचं मात्र खरंच वाईट होतं. 'कोलॉइडल सिल्व्हर'चे चमचे रोज घेऊन कायमचे निळसर-राखाडी झालेले लोक वैद्यकीय नोंदींत आहेत. चांदीचे कण त्वचेत साचतात, उन्हाने गडद होतात, रंग परत जात नाही.

वास न येणारे 'नॅनो सिल्व्हर' मोजे घेऊ नका एवढंच म्हणेन. २००८ मध्ये ॲरिझोनात असे मोजे धुऊन पाहिले तर काहींची जवळजवळ सगळी चांदी मोजक्या धुण्यांत पाण्याबरोबर गेली. पायाला वास परत आणि चांदी नाल्यात.

राइनकाठचा

जर्मनीतून लिहितोय. इथे २०२२ पासून खाण्यात ई १७१, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, बंद आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये असुरक्षित म्हटलं. भारतात चुईंगममध्ये अजून चालतं. आपल्या लोकांच्या जिवाला किंमत नाही हेच खरं.

सूक्ष्मदर्शिका

थोडं सावकाश. प्राधिकरणाने 'विषारी सिद्ध झालं' असं म्हटलं नाही. कण आतड्यातून फार कमी शोषले जातात, पण थोडे साचू शकतात आणि डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून सुरक्षित रोजची मात्रा ठरवता येत नाही, असं म्हटलं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-शेती संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने तीच माहिती पाहून मर्यादा घालायची गरज नाही असा निष्कर्ष काढला. आणि तुमच्याकडेही औषधाच्या गोळ्यांवरच्या पांढऱ्या थरात ते अजून चालतं, डबी पाहा.

तरी माझं वैयक्तिक मत युरोपच्या बाजूने आहे. हा पदार्थ पोषण देत नाही, टिकवत नाही, चवही देत नाही. फक्त पांढरं आणखी पांढरं करतो. एवढ्याशा फायद्यासाठी शंकेचा फायदा कारखान्याला का द्यायचा? माझ्या लेकीच्या केकवर मी तसलं आयसिंग घेत नाही.

पूर्वा_के

मग सनस्क्रीन? त्यातही झिंक आणि टायटॅनियमच ना?

सूक्ष्मदर्शिका

लोशन लावा. ऑस्ट्रेलियात झिंकच्या एका विशिष्ट समस्थानिकाचं (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) सनस्क्रीन करून समुद्रकिनारी लोकांना लावलं होतं, म्हणजे अंगात आधीपासून असलेलं जस्त आणि क्रीममधलं जस्त वेगळं ओळखता यावं. रक्तात क्रीममधलं जस्त सापडलं, पण शरीरात मुळात असतं त्याच्या तुलनेत अगदी नगण्य. स्प्रेचं सनस्क्रीन मात्र नको. युरोपची वैज्ञानिक समितीही नॅनो झिंक आणि टायटॅनियमला क्रीममध्ये हो म्हणते आणि श्वासात जाईल अशा फवाऱ्यात नाही. कातडी अडवते, फुफ्फुस अडवत नाही.

गॅसकटर

आता माझं ऐका. मी फॅब्रिकेशनमध्ये, गेट-ग्रिल-शेड. जीआय पाइपचं वेल्डिंग दिवसभर केलं की रात्री हमखास थंडी वाजून ताप, तोंडात गोडसर-धातूची चव, अंग मोडून येतं. सकाळी साफ. जुने मिस्त्री म्हणतात दूध पी, गूळ खा. हे नॅनो का?

सूक्ष्मदर्शिका

गॅसकटरदादा, या धाग्यावरचं सगळ्यात खरं नॅनो तुमच्याकडे आहे. जीआयवर जस्ताचा थर असतो. आर्कच्या उष्णतेने त्याची वाफ होते, हवेत लगेच थंड होऊन झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनतात. तो पांढरा धूर तोच. पितळ ओतणाऱ्यांना हा ताप फार पूर्वीपासून माहीत आहे. आठवडाभर शरीर सरावतं, सुट्टीनंतर पुन्हा जोरात येतो, म्हणून 'सोमवारचा ताप' म्हणत. जस्त विरघळून निघून जातं म्हणून सकाळी बरं वाटतं. स्टेनलेसच्या धुरातलं क्रोमियम-निकेल असं सोडून देत नाही. वेल्डिंगचा धूर २०१७ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे.

गुळाची गंमत म्हणजे लखनौच्या विषविज्ञान संस्थेत १९९४ च्या सुमारास उंदरांवर प्रयोग झाला होता आणि गुळाने फुफ्फुसातली कोळशाची धूळ हलायला मदत झाल्याचं दिसलं. पण उंदीर म्हणजे मिस्त्री नव्हे, आणि ती धूळ जस्ताचा धूर नव्हे. गूळ खा, भरवसा ठेवू नका.

२००९ मध्ये चीनमधलं एक प्रकरण प्रसिद्ध झालं होतं. सात कामगार बायका, एका दाराच्या बिनखिडकीच्या खोलीत रंग फवारायच्या, हवा खेचणारा पंखा बंद पडलेला. सगळ्यांना फुफ्फुसाचा आजार, दोघी गेल्या. त्यांच्या फुफ्फुसात नॅनोकण सापडले म्हणून खूप गाजलं. टीकाकारांनी विचारलं की त्या वाफेत आणखी काय काय होतं. तो वाद मिटलेला नाही. पण पंखा चालू असता तर वाद घालायची वेळ आली नसती.

गॅसकटर

पंखा आहे, पण समोरून मारतो. नि रुमाल बांधतो तोंडाला. एवढ्या बारीक कणाला मास्क काय अडवणार, भोकातून जाईल ना?

पिपेटवाली

हे मी सांगते. एन९५ मास्क चाळणीसारखं काम करत नाही. फार बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा हलतो आणि धाग्यांना आपटून चिकटतो, त्यामुळे अगदी लहान कण उलट चांगले पकडले जातात. निसटतात ते जास्त करून मधल्या आकाराचे, ते फार लहानही नसतात आणि जडही. खरी गळती कडेने होते. दाढी असेल तर मास्क नाकागालाला बसत नाही. रुमालाने ठिणगी अडेल, धूर नाही.

आणि समोरून पंखा मारू नका, त्याने धूर तोंडावर फिरतो. बाजूने खेचणारा एक्झॉस्ट हवा, तोंड धुराच्या वर आणून वाकायचं नाही, आणि जोडायच्या जागेचं गॅल्व्हनायझिंग आधी घासून काढायचं. घासतानाही मास्क.

गॅसकटर

घासायला मालक वेळ देत नाही. एक्झॉस्टचं बोलून बघतो. केवढ्याला पडेल, कुणाला माहीत आहे का?